आठ क्लिक दिले, चारच सेंटिमीटर सरकलं

परभणीकडच्या एका तरुण नेमबाजाचा प्रश्न आहे. क्लबातल्या पॉइंट टू-टू रायफलवर त्यानं नवा स्कोप, म्हणजे नेमाची दुर्बीण, बसवला. त्याच्या नॉबचा एकेक खटका म्हणजे क्लिक, आणि तो मिल या मापातला. ५० मीटरवर गोळ्या नेमापासून ८ सेंटिमीटर खाली लागत होत्या. मित्र म्हणाला, ‘एक क्लिक म्हणजे एक सेंटिमीटर.’ यानं ८ क्लिक वर दिले, तर ग्रुप, म्हणजे गोळ्यांचा पुंजका, चारच सेंटिमीटर वर आला. आता विचारतोय : काका, स्कोप खराब निघाला का? परत करून एमओए या दुसऱ्या मापाचा घेऊ का? आणि जानेवारीत २०० मीटरवर मारायचं आहे, तिथं किती क्लिक लागतील?

स्कोप ठणठणीत आहे, परत करू नकोस. मित्रानंही खोटं सांगितलं नाही, अर्धं सांगितलं. एक क्लिक म्हणजे एक सेंटिमीटर हे खरं, पण १०० मीटरवर. तू ५० वर होतास, तिथं तोच क्लिक अर्धा सेंटिमीटर सरकवतो. आठ क्लिकांचे चार सेंटिमीटर झाले, म्हणजे तुझा स्कोप अगदी हिशेबानं चालला. अजून आठ क्लिक दे, झिरो होईल, म्हणजे गोळी नेमावर बसेल.

उत्तर इथंच संपवता आलं असतं, पण मग महिन्याभरानं तू २०० मीटरचा नवा घोळ घेऊन येशील. मी बावीस वर्षं फौजेत होतो. त्यातली बरीचशी चांदमारीवर पोरांच्या शेजारी पालथं पडून गेली. आता अंबाजोगाईजवळ शेती बघतो आणि आठवड्यातून दोन दिवस क्लबात बसतो. तिथं मिलचा स्कोप घेतलेलं दर दुसरं पोरगं हाच प्रश्न घेऊन येतं, म्हणून जरा बैजवार सांगतो.

तुमच्या भागात जायकवाडीचा नाहीतर पूर्णा प्रकल्पाचा कालवा गेलेला आहे. कालव्यावरचा माणूस ढाळ कसा सांगतो, ऐकलंयस? ‘पाच हजारात एक’, ‘हजारात एक’. हजारात एक म्हणजे हजार मीटर चाललं की एक मीटर उतार. शंभर मीटरला दहा सेंटिमीटर, पन्नास मीटरला पाच. ढाळ तोच राहतो, उतार तेवढा अंतराप्रमाणे वाढत जातो. मिल म्हणजे हाच हजारात एकचा ढाळ, तुझ्या डोळ्यापासून निघालेला. मिलिरेडियन हे त्याचं पुस्तकातलं नाव. स्कोपवरचा एक क्लिक बहुतेक ठिकाणी ०.१ मिलचा असतो, म्हणजे दहा हजारात एक. त्याचे २५ मीटरवर अडीच मिलिमीटर, ५० वर पाच मिलिमीटर, १०० वर एक सेंटिमीटर, २०० वर दोन आणि ३०० वर तीन सेंटिमीटर होतात.

फौजेतून आलेला कुणी तुला सांगेल की पूर्ण वर्तुळात ६४०० मिल असतात. होकायंत्रावर आणि तोफखान्यात तसंच मोजतात, भागाकार सोपा जावा म्हणून. रशियन पद्धतीत ६००० धरतात. गणिताचा खरा आकडा ६२८३ आणि वर थोडं. स्कोप हा खऱ्या आकड्यावर बनवलेला असतो, त्यामुळं त्या वादात पडायचं तुला कारण नाही.

अंतरागणिक क्लिकाचा हा पाढा एकदा पाठ कर आणि विसरून जा. विसर म्हणतो, कारण पुढची चूक तिथंच होते. पोरं ग्रुप बघतात, ‘आठ सेंटिमीटर खाली’ म्हणतात, मग अंतरानं भागतात, मग दहानं गुणतात, आणि एवढं करेस्तोवर वारा फिरलेला असतो. तुझ्या स्कोपच्या आत काचेवर एक पट्टी कोरलेली आहे, तिला रेटिकल म्हणतात. त्या पट्टीवर मिलच्याच खुणा आहेत. ती पट्टी वापरायची सोडून तू लक्ष्यावरचे सेंटिमीटर कशाला मोजतोस?

परवा क्लबात झालेलं सांगतो. एक मुलगी, बारावीची, पहिल्यांदाच मिलच्या स्कोपवर बसलेली. ५० मीटरवर पाच गोळ्या मारल्या. मी म्हणलं, आता फुली पुन्हा जिथं नेम धरलेला तिथंच ठेव आणि हलू नकोस. ग्रुपचा मध्य कुठल्या खुणेवर दिसतो ते सांग. तिनं बराच वेळ बघितलं. ‘सर, खाली दीड खुणेच्या जरा पुढं. आणि डावीकडं अर्ध्याच्या अलीकडं.’ म्हणजे खाली १.६, डावीकडं ०.४. मग नॉब वर १.६, उजवीकडं ०.४. पुढच्या पाच गोळ्या मध्यात. नंतर मी विचारलं, यात अंतर कुठं लागलं? ती गप्प. लागलंच नव्हतं. ५० असो, ८० असो की २००, रेटिकलवर जेवढं दिसतं तेवढंच नॉबवर फिरवायचं. काचेवरची पट्टी आणि नॉब एकाच मापात असतात, मिलच्या स्कोपचा सगळा फायदा हाच आहे.

या प्रकारात तीन गोष्टी पोरांना नडतात.

पहिली म्हणजे एका गोळीमागं नॉब फिरवणं. एक गोळी खाली गेली, दोन क्लिक वर. पुढची वर गेली, एक क्लिक खाली. असं दहा गोळ्या चालतं आणि शेवटी माणूस सुरुवातीच्याच जागेवर येतो. फौजेत आम्ही ग्रुपच्या मध्याला एमपीआय म्हणायचो. निदान पाच गोळ्यांचा ग्रुप मारायचा, त्याचा एमपीआय काढायचा आणि मगच नॉबला हात लावायचा. तुझा ग्रुप तीन सेंटिमीटरचा येत असेल, तर अर्ध्या सेंटिमीटरच्या क्लिकावर डोकं फोडून काही मिळत नाही. आधी ग्रुप आवळ.

दुसरी म्हणजे झूम. तुझा स्कोप फर्स्ट फोकल प्लेनचा आहे की सेकंडचा, ते डब्यावर बघ. फर्स्टचा असला तर झूम फिरवल्यावर खुणाही लहानमोठ्या होतात आणि कुठल्याही झूमवर एक खूण म्हणजे एक मिलच राहतो. सेकंडचा असला तर खुणा आहे तेवढ्याच दिसतात, लक्ष्य तेवढं लहानमोठं होतं. तिथं पट्टी एकाच झूमवर खरी बोलते, बहुतेक वेळा सगळ्यात मोठ्या. २४ पटीवर खरी असलेली पट्टी १२ पटीवर नेलीस, तर एक खूण दोन मिलची होते. मग पट्टीवर ०.८ वाचून नॉबवर ०.८ दिलेस की गोळी अर्ध्याच वाटेवर थांबते आणि तू पुन्हा म्हणणार, स्कोप खराब. नॉबचा मात्र झूमशी संबंध नाही. क्लिक कुठल्याही झूमवर तेवढाच असतो.

तिसरी म्हणजे दिशा. नॉबवर वरचा बाण असतो तो गोळीसाठी. गोळी खाली लागली तर तिला वर आणायचं म्हणून वर फिरवायचं. आतली फुली उलटी सरकताना दिसते म्हणून काहीजण गोंधळतात. फुलीकडं बघू नकोस, गोळीला कुठं न्यायचं आहे एवढंच डोक्यात धर.

झिरो झाला की नॉबची टोपी सैल कर, ०वर आणून बसव, परत आवळ. हे न करता ‘झिरो १.६वर आहे’ असं लक्षात ठेवून चालणारे मी बघितलेत. मॅचच्या दिवशी ते लक्षात राहत नाही.

आता तुझा खरा संशय. स्कोप हिशेबानं चालतो की नाही, हे गोळी न मारता घरी तपासता येतं. रायफल लागत नाही, लावूही नकोस. स्कोप काढून एका जड लाकडी ठोकळ्यावर रिंगांसकट घट्ट बसव आणि ठोकळा ओट्यावर किंवा पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर दगडांनी जाम कर. समोर मोजून ५० मीटरवर लिंबाच्या फांदीला गवंड्याचा ओळंबा सोड. त्या दोरीला लागून शिवणकामाची नाही, लोखंडी मोजपट्टी टांग. शिवणकामाची फीत ओढली की लांबते, ती इथं कामाची नाही. वाऱ्यानं पट्टी हलत असेल तर खाली वीट बांध. फुलीचा मध्य पट्टीच्या एका ठळक आकड्यावर आण आणि उभी रेघ ओळंब्याच्या दोरीवर बसव. मग नॉब एकेक क्लिक मोजत १० मिल वर दे. नॉब वर दिला की फुली पट्टीवर खाली उतरते. ती बरोबर ५० सेंटिमीटर उतरली पाहिजे. ४९ आली तर तुझा स्कोप दोन टक्के कमी चालतो, एवढंच वहीत लिहून ठेव. २०० मीटरसाठी ८ मिल लागत असतील तर दीड-दोन क्लिकांचा फरक पडतो, तो धरून चालायचं. खरा दोष वेगळा : दहा मिल वर जाऊन परत ०वर आलास आणि फुली पहिल्या आकड्यावर आली नाही, तर तो स्कोप परत कर. कमी चालणारा चालतो, मनाला येईल तसा चालणारा नको. आणि उतरताना फुली दोरी सोडून बाजूला सरकत गेली, तर उभी रेघ दोरीला नीट जुळली होती का ते बघ; नसेल तर स्कोप ठोकळ्यावर तिरका बसलाय. तो सरळ करून पुन्हा बघ.

५० मीटर मोजायला पावलं टाकू नकोस. शेतात जुनी साखळी असेल तर तिचीही मदत होते. गुंठ्याची एक बाजू ३३ फूट, म्हणजे पाच गुंठे ओळीनं धरले की ५० मीटर आणि वर जेमतेम एक फूट. एवढ्या फरकानं आकड्यात काही बिघडत नाही. पावलांनी मात्र ५०चे ४५ होतात, आणि मग दोष स्कोपच्या माथी.

याच पट्टीनं अंतरही काढता येतं, पण वस्तूची उंची ठाऊक पाहिजे. क्रिकेटचा स्टंप ७१ सेंटिमीटरचा असतो. रिकाम्या मैदानात स्टंप रोव आणि दूर जाऊन काढलेल्या स्कोपमधून किंवा मिलच्या दुर्बिणीतून बघ. तो ३.६ मिल उंच दिसला, तर ७१० मिलिमीटरला ३.६ नं भाग, १९७ मीटर आले. यात ०.१ची चूक झाली तर अंतरात पाचेक मीटरचा फरक पडतो, त्यामुळं हा गमतीचा आणि डोळ्याला वळण लावणारा खेळ समज. रेंजवर अंतर मोजलेलंच असतं.

आता २०० मीटर. ‘किती क्लिक’ याचं नेमकं उत्तर माझ्याकडं नाही, ते तुझ्या रायफलीकडं आहे. माझ्या वहीत, माझ्या नळीला, ४० ग्रेनच्या (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) साध्या वेगाच्या काडतुसाला, हिवाळ्यातल्या सकाळी असं लिहिलेलं आहे : ५० मीटर ०, ७५ मीटर १.०, १०० मीटर २.२, १५० मीटर ४.९, २०० मीटर ८.१. या आकड्यांच्या आसपासच तुझे येतील, पण तंतोतंत येणार नाहीत. नळी, काडतुसाचा लॉट, स्कोप नळीपासून किती उंच बसवलाय, सगळ्यानं फरक पडतो. हे आकडे तुला पहिली गोळी कागदावर बसवायला उपयोगी, पुढचं काम तुझं. तोंडी ठेवू नकोस, वहीत तारीख, वेळ, तापमान आणि काडतुसाच्या डब्यावरचा लॉट नंबर घालून लिही.

आकडे नीट बघ. ५० ते १०० मध्ये २.२ लागले, १५० ते २०० मध्ये ३.२. गोळी जितकी लांब जाते तितकी मंदावते आणि तितकी जास्त पडते. म्हणून ‘शंभरला २.२ तर दोनशेला ४.४’ हा हिशेब करणाऱ्याची गोळी कागदाच्या खाली जाते. २०० मीटरवरची पॉइंट टू-टू ही मोठ्या रायफलीची ८०० मीटरची शाळा आहे असं मी पोरांना सांगतो. माझ्या अनुभवात ७.६२ मिलिमीटरच्या रायफलीची १७५ ग्रेनची गोळीही ८०० मीटरला आठ मिलच्या आसपासच मागायची. काडतूस स्वस्त, आवाज कमी आणि चुका त्याच. एक काळजी घे, भरधाव म्हणून विकली जाणारी काडतुसं लांबवर नको. ती आवाजापेक्षा जोरात निघतात आणि वाटेत आवाजाच्या वेगाखाली येताना त्यांचा ग्रुप विस्कटतो. साधी स्टँडर्ड वेगाचीच घे.

आणि हो, नॉबचे फेरे मोज. काही नॉब एका फेऱ्यात १० मिल जातात, काही पाचच. माझा पाचवाला होता. एकदा २०० वर ८.१ देऊन मारलं, म्हणजे एक पूर्ण फेरा आणि वर ३.१. मग ५०वर परत यायचं होतं. मी ३.१ उलटे फिरवले, नॉबवर ० दिसला, समाधान झालं आणि आडवा झालो. एक फेरा तसाच राहिलेला. ५० मीटरवर पाच मिल म्हणजे पंचवीस सेंटिमीटर वर. तीन गोळ्या कागदाच्या वरून बटाच्या, म्हणजे लक्ष्यामागच्या बांधाच्या, मातीत गेल्या, आणि शेजारच्या लेनवरचं पोरगं, माझंच शिकाऊ, म्हणालं, ‘सर, झिरो स्टॉप लावा की.’ तेव्हापासून झिरो स्टॉपशिवाय, म्हणजे नॉबला शून्याखाली जाऊ न देणाऱ्या अडसराशिवाय, नॉब घेत नाही. तुझ्या स्कोपला नसेल तर नॉबखालच्या रेघांवर पांढऱ्या रंगाचा ठिपका देऊन ठेव.

२०० मीटरसाठी अजून एक गोष्ट आत्ताच तपास, जानेवारीत नको. स्कोप खालून वरपर्यंत एकूण किती मिल फिरतो? समज १८ फिरतो. झिरो मधोमध आला तर वर जायला ९च उरले. तुला ८ लागणार. म्हणजे जेमतेम, आणि काठावर स्कोपची काचही नीट दाखवत नाही, आडवा नॉबही अडतो. यासाठी स्कोपखाली बसवायची, पुढं झुकलेली पट्टी मिळते, २० एमओएची. रायफलीवर ती बसवून वर स्कोप लावला की ५.८ मिल वर जायला जादा मिळतात. मागची बाजू उंच, पुढची बुटकी अशी बसवायची. उलटी बसवून आलेला माणूस मी बघितलाय, त्याला ५० मीटरवरही झिरो होईना.

आता वारा. क्लिकांचं गणित एका दुपारी शिकता येतं, वाऱ्याला माझी बावीस वर्षंही पुरली नाहीत. ताशी दहा किलोमीटरचा वारा सरळ बाजूनं आला तर माझ्या पॉइंट टू-टूला १०० मीटरवर ०.७ मिल ढकलतो, सातेक सेंटिमीटर. २०० वर दीड मिलच्या जवळ, म्हणजे तीस सेंटिमीटर. अंतर दुप्पट झालं, मिल दुप्पट झाले, सेंटिमीटर चौपट. मिलमध्ये विचार करणाऱ्याला इथंही सोपं जातं. वारा समोरून किंवा पाठीमागून आला तर बाजूला जवळजवळ काही नाही. तिरका, घड्याळाच्या एक किंवा अकराच्या दिशेनं आला तर अर्धा धर.

वाऱ्याचा वेग ओळखायला यंत्र असलं तर चांगलंच, पण आपल्याकडं खुणा भरपूर आहेत. गालाला जाणवतो आणि लिंबाची पानं सळसळतात, तेव्हा सहा ते अकरा किलोमीटर. पानं आणि बारीक डहाळ्या थांबायचं नाव घेत नाहीत, तेव्हा बारा ते एकोणीस. रेंजच्या वाटेवरची धूळ आणि कागदाचे कपटे उडायला लागले की वीसच्या वर गेलास, तेव्हा २०० मीटरवर पॉइंट टू-टू घेऊन बसण्यापेक्षा चहा घे. चैत्र-वैशाखात वावटळ दिसली की मी पोरांना सरळ बोल्ट, म्हणजे काडतूस नळीत बंद करणारा दांडा, उघडून थांबायला सांगतो. ती रेंजच्या मधून गेली तर अलीकडं डावा आणि पलीकडं उजवा वारा एकाच वेळी असतो.

पण सगळ्यात खरं सांगतं ते मृगजळ. एप्रिलमध्ये काळ्या रानावर दहा वाजता जी झळ उठते ना, डांबरी रस्त्यावर पाणी दिसतं तीच. झूम जरा कमी करून स्कोपमधून किंवा स्पॉटरमधून, म्हणजे तिपाईवरच्या दुर्बिणीतून, बघ. झळ सरळ वर उकळत असेल तर वारा नाही, किंवा नेमका तुझ्या तोंडावर किंवा पाठीवर आहे. तिरकी वाहत असेल तर हळू वारा. नदीसारखी आडवी पळायला लागली की जोराचा. आणि वीसच्या पुढं गेला की झळ पुसून जाते, काहीच दिसत नाही, तेव्हा ‘वारा पडला’ समजून मारणारा फसतो. एक बारीक गोष्ट सांगून ठेवतो : लक्ष्यावर फोकस लावून झळ बघितली तर लक्ष्याजवळचा वारा कळतो. तुझ्या बाजूच्या वाऱ्यासाठी फोकस अर्ध्या वाटेवर आण. गोळीला सुरुवातीला मिळालेला धक्का शेवटपर्यंत वाढत जातो, म्हणून जवळचा वारा दुर्लक्ष करण्यासारखा नसतो. उकळणाऱ्या झळेत लक्ष्य स्वतःच वर तरंगताना दिसतं, तिथं नॉब फिरवू नकोस. सकाळी सातला ये.

वाऱ्यासाठी नॉब फिरवायचा की रेटिकलवर धरायचं, यावर चांदमारीवर भांडणं होतात. माझं मत : उंचीसाठी नॉब, वाऱ्यासाठी धरणं. अंतर बदलत नाही, वारा दर मिनिटाला बदलतो. उजवीकडून वारा ०.७चा वाटला तर फुली उजवीकडं ०.७ न्यायची, म्हणजे लक्ष्याचा मध्य उभ्या रेघेच्या डावीकडं ०.७च्या खुणेवर येतो. गोळी डावीकडं वाहून मध्यात येते. नॉब फिरवलास तर परत फिरवायला विसरणार, ते मी वर माझ्याच उदाहरणानं दाखवलंय.

तापमानही वहीत का लिहायला लावतो? उदाहरणाला छत्रपती संभाजीनगर घे, ते समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे. डिसेंबरात सकाळी बारा अंशांवर तिथली हवा साधारण सहाशे मीटर उंचीवरच्या हवेसारखी वागते. मे महिन्यात बेचाळीस अंशांवर तीच हवा इतकी पातळ होते, की गोळीला वाटतं आपण सोळाशे-सतराशे मीटरवर आलो. गोळीला अडवणं कमी होतं, शिवाय गरम काडतूस जरा जोरात निघतं. माझा २०० मीटरचा ८.१ मे महिन्यात ७.७ होतो. चार क्लिक, म्हणजे आठ सेंटिमीटर. जानेवारीत मारायचं आहे ना? मग आकडेही थंडीतले काढ, आता ऑक्टोबरच्या उन्हातले नकोत. आणि काडतुसांचा डबा गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नकोस.

रायफल तिरकी धरणं हा लांबच्या नेमबाजीतला छुपा चोर आहे. ८ मिल वर दिलेत आणि रायफल पाच अंश कलली, तर गोळी ०.७ मिल बाजूला जाते, २०० मीटरवर चौदा सेंटिमीटर. ५० मीटरवर शून्य मिलवर हे कळतही नाही, म्हणून सवय लागून जाते. स्कोपवर छोटी पाणसळ बसवून घे. फौजेत नेम धरण्याला ‘शिस्त लेना’ म्हणतात. मराठवाड्यातलं नवं पोरगं पहिल्या दिवशी बुचकळ्यात पडायचं, उस्ताद सारखी शिस्त घ्यायला का सांगतोय. जुन्या मराठीतही बंदुकीची शिस्त म्हणजे नेमच. पाणसळीचा बुडबुडा मध्यात आला का हे बघूनच ट्रिगरला बोट जाणं, ही शिस्त दोन्ही अर्थांनी.

एमओएचं राहिलं. तोही ढाळच आहे, मोजायची वाटी वेगळी. एक अंशाचा साठावा भाग, १०० मीटरवर २.९ सेंटिमीटर. पाव एमओएचा क्लिक तिथं सात मिलिमीटर सरकवतो, म्हणजे मिलच्या क्लिकापेक्षा बारीक. ज्यांना एकाच मोजलेल्या अंतरावर कागदावरच्या बारक्या दहाच्या वर्तुळासाठी भांडायचं असतं, त्यांना तो आवडतो, आणि त्यात चूक काही नाही. पण ३०० मीटरच्या आंतरराष्ट्रीय लक्ष्यावर दहाचं वर्तुळ दहा सेंटिमीटरचं असतं, म्हणजे तीन क्लिकांहून जास्त रुंद. एका क्लिकाच्या बारकाईनं तुझी मॅच जाणार नाही, ग्रुपनं आणि वाऱ्यानं जाईल. मिल आपल्याला मीटर-सेंटिमीटरच्या शाळेत शिकलेल्यांना जवळचा पडतो, आकडे लहान राहतात. ‘आठ पॉइंट एक’ ओरडून सांगायला ‘सत्तावीस पॉइंट सात पाच’पेक्षा बरं. फक्त एक घेऊ नकोस : रेटिकल मिलचं आणि नॉब एमओएचा असा मिश्र माल. जुन्या स्कोपांत तो सापडतो आणि स्वस्तात विकायला येतो. तिथं पट्टीवर वाचलेल्या प्रत्येक आकड्याला ३.४४ नं गुणावं लागतं, म्हणजे ज्या सोयीसाठी मिल घेतला तीच गेली.

तू शेवटी हळूच विचारलंयस की हरभऱ्यात रोही आणि रानडुकरं येतात, तिथं हे चालेल का. नाही. १९७२च्या वन्यजीव कायद्यानं ती वाट बंद केलेली आहे. पिकाच्या नुकसानीसाठी वन खात्याकडं अर्ज करायचा, परवानगीचं काय ते तेच ठरवतात. आणि वावरात सरावसुद्धा नको. पॉइंट टू-टूची गोळी बारीक दिसते, पण दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते, बांधावरच्या दगडाला लागून कुठंही वळते. मागं बट नाही तिथं बोल्ट बंद करायचा नाही.

येत्या रविवारी ते उरलेले आठ क्लिक देऊन पाच गोळ्या मार, नॉब ०वर बसव आणि १०० वर जा. तिथं माझा २.२ देऊन पाच मार, रेटिकलवर फरक वाच आणि तुझा आकडा लिही. मग १५०. २००चा आकडा मला विचारू नकोस, तू मला कळव, लॉट नंबरासकट.